ताश्कंदमध्ये एक आठवडा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उझबेकिस्तानला निघालेली आपल्याकडची बहुतेक मंडळी ताश्कंदला विमान उतरण्यापुरतं धरतात. रात्री पोहोचायचं, सकाळी समरकंदची गाडी पकडायची आणि परतताना विमानतळाजवळ एक रात्र काढायची. या पानावरची उत्तरं वेगळा बेत करणाऱ्यांसाठी आहेत: मुक्काम ताश्कंदला आणि समरकंदची फक्त एक फेरी. या शहराला सात दिवस द्यावेत असं मला मनापासून वाटतं. का ते पुढे येईलच.

ताश्कंदमध्ये आठवडाभर बघण्यासारखं आहे का? सगळे म्हणतात, एक दिवस पुरतो.

निळे घुमट आणि तैमूरकालीन भव्य कमानी एवढंच बघायचं असेल तर एक दिवस खरंच पुरतो, कारण त्या गोष्टी समरकंद-बुखाऱ्यात आहेत. ताश्कंद हे जगतं-वागतं शहर आहे. मध्य आशियातलं हे सर्वांत मोठ्या शहरांपैकी एक. ते १९६६ च्या भूकंपात कोसळलं आणि पुन्हा बांधलं गेलं. एकाच दिवसात तुम्ही चोरसूच्या बाजारात तंदुरीतून निघालेली गरम रोटी खाता, सोव्हिएत काळातल्या मेट्रो स्थानकात संगमरवर बघत उभे राहता आणि संध्याकाळी ऑपेराला जाऊन बसता. हे सगळं धावत बघता येत नाही. इथली माणसं, चहाखाने, चिनारांच्या सावलीतले रस्ते यांची सवय व्हायलाच दोन दिवस जातात.

कोणत्या महिन्यात जावं?

एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. त्यातही निवडायचं झालं तर मी सप्टेंबर सांगेन. हवा उतरलेली असते आणि बाजारात द्राक्षं, अंजिरं, खरबुजं यांचे ढीग लागलेले असतात. बाबराचा जन्म याच देशातल्या अंदिजानचा. हिंदुस्थान जिंकल्यावरही तो तिकडच्या खरबुजांसाठी हळहळत राहिला. ती खरबुजं तिथे चाखली की त्याचं दुःख समजतं.

जूनच्या अखेरीपासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंतच्या चाळीस दिवसांना तिथे ‘चिल्ला’ म्हणतात. पारा चाळिशी सहज ओलांडतो. विदर्भातल्या माणसाला त्याचं अप्रूप नाही, पण मुलं किंवा वडीलधारी बरोबर असतील तर टाळा. हिवाळ्यात पारा शून्याच्या आसपास आणि कधी त्याहून बराच खाली जातो. २१ मार्चला नवरोज असतो, तेव्हा शहर सजलेलं असतं, पण हॉटेलं आणि गाड्याही भरलेल्या असतात.

व्हिसा मिळणं अवघड आहे का?

नाही. भारतीय पासपोर्टवर ई-व्हिसा मिळतो. एकवेळ प्रवेशाचं शुल्क २० डॉलर आहे आणि त्यावर ३० दिवसांपर्यंत राहता येतं. पासपोर्टच्या पानाची प्रत आणि फोटो चढवायचा, कार्डाने पैसे भरायचे. साधारण तीन कामकाजाच्या दिवसांत व्हिसा ईमेलवर येतो. तरी दोन-तीन आठवडे आधी अर्ज केलेला बरा. पासपोर्टची मुदत सहा महिने शिल्लक ठेवा.

एकच काळजी घ्या: शोधयंत्रात सगळ्यात वर येणारी बरीच संकेतस्थळं दलालांची असतात आणि दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. पत्त्याच्या शेवटी ‘डॉट जीओव्ही डॉट यूझेड’ आहे का, ते पाहूनच पुढे जा. आणि मध्ये शेजारच्या कझाकस्तानात किंवा ताजिकिस्तानात जाऊन परत यायचं असेल तर एकवेळ प्रवेशाचा व्हिसा पुरणार नाही.

महाराष्ट्रातून कसं जायचं?

उझबेकिस्तान एअरवेजची थेट विमानं दिल्लीहून आहेत, मुंबईहूनही असतात. मात्र मुंबईच्या फेऱ्या हंगामाप्रमाणे कमी-जास्त होतात. दिल्ली ते ताश्कंद हे जेमतेम तीन तासांचं अंतर. भारतीय कंपन्यांवर विसंबून बेत आखत असाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा: २०२५ च्या एप्रिलअखेरीस पाकिस्तानने आपल्या विमानांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा इंडिगोला ताश्कंदची सेवा थांबवावी लागली होती. तिकीट काढण्याआधी त्या दिवसांतली स्थिती पाहाच. पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगरहून निघणाऱ्यांनी दिल्लीत दोन विमानांमध्ये भरपूर वेळ ठेवावा.

घड्याळ आपल्यापेक्षा फक्त अर्धा तास मागे. विमानतळ शहरातच आहे, मध्यवस्तीत पोहोचायला टॅक्सीने वीस-पंचवीस मिनिटं.

सामानात काय नेऊ नये?

ड्रोन अजिबात नको. देशात आणायला बंदी आहे आणि तो विमानतळावरच अडकतो. औषधांचे नियमही कडक आहेत. कोडीन असलेली खोकल्याची औषधं, ट्रामाडॉलसारखी वेदनाशामकं, झोपेच्या गोळ्या आपल्याकडे घरोघरी असतात, पण तिथल्या कस्टममध्ये त्यांवरून चौकशी होऊ शकते. रोजची औषधं मूळ वेष्टनात ठेवा, डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी सोबत ठेवा आणि शंका असेल ते औषध सरळ जाहीर करा. आईवडिलांचा गोळ्यांचा डबा, ज्यात सगळ्या गोळ्या सुट्या काढून भरलेल्या असतात, तसा नेऊ नका.

राहायचं कोणत्या भागात?

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी आमिर तेमूर चौक, कोस्मोनावतलार किंवा ओयबेक या मेट्रो स्थानकांच्या चालत्या अंतरावर राहावं. झाडी आहे, खाण्याची ठिकाणं आहेत, रात्री चालायला बरं वाटतं. आमिर तेमूर चौकात उघड्या पुस्तकाच्या आकाराची हॉटेल उझबेकिस्तानची इमारत दिसते. ती १९७४ सालची. राहिला नाहीत तरी समोर उभं राहून तिची काँक्रीटची जाळी बघाच.

जुन्या शहरात, चोरसूच्या आसपास, अंगण असलेली छोटी अतिथिगृहं आहेत. अंगणात द्राक्षाचा मांडव, खाटेसारखा लाकडी ‘तापचान’, त्यावर सकाळचा चहा. हॉटेलच्या सुखसोयींची फार ओढ नसेल तर मी तिथेच राहायला सांगेन.

कुठेही राहा, पण परदेशी पाहुण्याची नोंदणी तीन दिवसांच्या आत व्हावी लागते. हॉटेलवाले ती आपणहून करतात. कुणाच्या घरी किंवा भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणार असाल तर मालक नोंदणी करून देणार का, हे पैसे भरण्याआधी विचारा.

पैसे कसे न्यायचे? रुपये चालतात का?

रुपये चालत नाहीत. डॉलर न्या, तेही कोऱ्या, न दुमडलेल्या, खूण नसलेल्या नोटा. फाटक्या किंवा शाई लागलेल्या नोटा बँक परत करते. चलनाचं नाव सोम. नोटांवरची शून्यं बघून पहिल्या दिवशी गोंधळ उडतो. त्यावर सोपा हिशोब असा: शेवटची तीन शून्यं काढायची आणि उरलेल्या आकड्याला सातने गुणायचं. १०,००० सोम म्हणजे साधारण सत्तर रुपये, २,००,००० सोमची नोट म्हणजे चौदाशेच्या आसपास. भाव वरखाली होतो, पण बाजारात उभं राहून अंदाज घ्यायला एवढं पुरतं.

व्हिसा-मास्टरकार्ड हॉटेलांत, मोठ्या दुकानांत आणि बऱ्याच एटीएममध्ये चालतं. बाजार, छोटी खानावळ, खेड्यातली टॅक्सी इथे रोख लागते. रस्त्यावर कुणी जास्त भाव देतो म्हणाला तर दुर्लक्ष करा, आता बँकेचा भावच खरा आहे.

मेट्रोचं इतकं कौतुक का?

कारण ती बघण्याची गोष्ट आहे. मध्य आशियातली ही पहिली मेट्रो १९७७ मध्ये सुरू झाली. भूकंपाचा अनुभव ताजा असल्याने ती धक्के सोसेल अशी बांधली. स्थानकांत फोटो काढायला २०१८ पर्यंत बंदी होती, त्यामुळे जगाने ती उशिराच पाहिली.

चोरसूला गाडीत बसा आणि अलिशेर नवोईला उतरा. छतावर मशिदीसारखे घुमट आणि भिंतींवर पंधराव्या शतकातल्या या कवीच्या काव्यातले प्रसंग कोरलेले. तिथूनच पायऱ्यांनी पाख्ताकोर स्थानकात जाता येतं. पाख्ताकोर म्हणजे कापूस पिकवणारा, आणि भिंतींवर मोझेकमध्ये कापसाची बोंडं फुललेली. यवतमाळ-अकोल्याकडच्या माणसाला इथे थांबावंसं वाटेल. सोव्हिएत काळात या देशावर कापसाचं पीक इतकं लादलं गेलं की नद्यांचं पाणी शेतांकडे वळवून अरल समुद्र आटला. ती गोष्ट भिंतीवर नाही, पण माहीत असलेली बरी. परत अलिशेर नवोईला येऊन आधीच्याच मार्गाने कोस्मोनावतलारला जा. १९८४ चं हे स्थानक अंतराळवीरांना वाहिलेलं आहे. फिकट ते गडद होत जाणाऱ्या निळ्या भिंती, त्यांवर गागारिन, तेरेश्कोवा आणि त्यांच्याच रांगेत समरकंदला वेधशाळा बांधणारा उलुगबेग. तैमूरच्या नातवाला अंतराळवीरांत बसवणारं शहर मला फार आवडतं.

भाडं आपल्या वीस-पंचवीस रुपयांच्या आत. दारावर पोलीस पिशवी तपासतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

आणि टॅक्सी?

यांडेक्स गो हे ॲप उतरवून घ्या. शहरातल्या शहरात शंभर ते अडीचशे रुपयांत काम होतं. विमानतळाबाहेर घोळका करणाऱ्या चालकांशी घासाघीस करत बसू नका. ॲपसाठी स्थानिक सिमकार्ड लागेल. ते विमानतळावरच पासपोर्ट दाखवून मिळतं.

सात दिवसांची मांडणी कशी करावी?

मी अशी करेन. पहिला दिवस हलका: आमिर तेमूर चौक, तिथून मुस्तकिल्लिक मैदानापर्यंत पायी, संध्याकाळी मेट्रो. दुसरा दिवस पूर्ण जुन्या शहराला: सकाळी चोरसू, शेजारचा सोळाव्या शतकातला कुकेलदाश मदरसा, मग गल्ल्यांमधून चालत हस्त इमाम. तिसऱ्या दिवशी संग्रहालयं आणि रात्री नवोई थिएटरात ऑपेरा. चौथ्या दिवशी सकाळच्या गाडीने समरकंद, तिथे एक मुक्काम, पाचव्या दिवशी रात्री परत. सहावा दिवस डोंगरात. सातवा मोकळा ठेवा. खरेदी, राहून गेलेली जागा, किंवा आवडलेल्या चहाखान्यात पुन्हा जाणं, यासाठी तो दिवस लागतोच.

सोमवारी बरीच संग्रहालयं बंद असतात, तो दिवस डोंगराला किंवा बाजाराला द्या.

हस्त इमामला काय आहे?

शहराचं धार्मिक केंद्र. मोठं अंगण, सोळाव्या शतकातला बराक खान मदरसा, आणि इथे जपलेली कुराणाची एक अतिप्राचीन प्रत. परंपरा ती तिसरे खलिफा उस्मान यांची मानते. अभ्यासक ती आठव्या-नवव्या शतकाच्या सुमाराची ठरवतात. रशियनांनी १८६९ मध्ये ती समरकंदहून सेंट पीटर्सबर्गला नेली आणि क्रांतीनंतर ती १९२४ मध्ये ताश्कंदला आली. हरणाच्या कातड्यावरची ती थोरली, टोकदार कूफी वळणाची अरबी अक्षरं बघताना धर्म कोणताही असला तरी माणूस गप्प होतो. शेजारी इस्लामी संस्कृतीचं भव्य नवं केंद्र उभं राहिलं आहे. प्रत कोणत्या इमारतीत बघायला मिळेल ते तिथे गेल्यावर विचारून घ्या.

कोणती संग्रहालयं चुकवू नयेत?

दोन. इतिहास संग्रहालयात दक्षिणेकडच्या तेरमिझजवळ फयाझतेपा इथे सापडलेली बुद्धमूर्ती आहे, दोन भिक्खूंच्या मध्ये शांत बसलेली, कुशाण काळातली. आपल्याकडे कार्ले आणि कान्हेरीची लेणी खोदली जात होती, त्याच शतकांत आमू दर्या नदीच्या काठी विहार उभे होते. लेणी पाहत वाढलेल्या माणसाने त्या मूर्तीसमोर जरा वेळ काढावाच. दुसरं उपयोजित कला संग्रहालय. ते पोलोवत्सेव या रशियन राजनैतिक अधिकाऱ्यासाठी सजवलेल्या घरात आहे. मांडलेल्या वस्तूंइतकंच ते घर, त्याचं रंगवलेलं लाकडी छत आणि गिलाव्यावरचं कोरीवकाम बघण्यासारखं.

शास्त्रीजींचं स्मारक कुठे आहे? १९६६ च्या खुणा बघता येतात का?

येतात, आणि माझ्या मते भारतीय माणसाच्या आठवड्यात अर्धा दिवस त्यांना हवाच.

१९६५ च्या युद्धानंतर सोव्हिएत पंतप्रधान कोसिगिन यांच्या मध्यस्थीने लालबहादूर शास्त्री आणि अयूब खान ताश्कंदला भेटले. १० जानेवारी १९६६ रोजी करारावर सह्या झाल्या आणि त्याच रात्री, ११ तारीख उजाडण्याआधी, शास्त्रीजी गेले. भारतीय शिष्टमंडळात संरक्षणमंत्री म्हणून यशवंतराव चव्हाणही होते. ज्या शहराचं नाव आपल्या आजी-आजोबांनी रेडिओवर त्या सकाळी ऐकलं, ते हे. शास्त्रीजींच्या नावाचा रस्ता ताश्कंदमध्ये आहे, त्यावर त्यांचा अर्धपुतळा आहे. टॅक्सीवाल्याला ‘शास्त्री’ एवढं म्हटलं तरी बहुधा कळतं. भारत सरकारचं संस्कृती केंद्रही शहरात त्यांच्याच नावाने चालतं. तिथे उझबेक मुलं-मुली कथक आणि हिंदी शिकतात.

त्याच वर्षी २६ एप्रिलला पहाटे ५ वाजून २३ मिनिटांनी भूकंप झाला. तीव्रता पाचच्या थोडी वर, म्हणजे आकड्यात फार मोठा नाही. पण केंद्र शहराच्या बरोबर खाली आणि अगदी उथळ. कच्च्या विटांची जुनी घरं बसली. सुमारे तीन लाख माणसं उघड्यावर आली. सगळ्या सोव्हिएत प्रजासत्ताकांमधून कामगार आणि वास्तुरचनाकार आले आणि त्यांनी शहर नव्याने उभं केलं. आज ताश्कंदचे रस्ते इतके रुंद, झाडी इतकी दाट आणि गृहसंकुलं इतकी सरळ रेषेत का आहेत, याचं उत्तर त्या पहाटेत आहे. १९७६ मधलं ‘धैर्य’ स्मारक बघा: एका काळ्या दगडी ठोकळ्यावर घड्याळाचे काटे ५.२३ वर थांबलेले, ठोकळा मधोमध चिरलेला आणि चीर जाते ती बाई-मुलाला पाठीशी घालून उभ्या असलेल्या पुरुषापर्यंत. नवविवाहित जोडपी तिथे फुलं वाहतात.

मग निव्वळ रस्त्याने चाला आणि इमारतींच्या बिनखिडकीच्या भिंतींकडे मान वर करून पाहा. झार्स्की बंधूंनी तिथे चार-पाच मजली उंचीची मोझेक चित्रं केली आहेत: डाळिंबं, सूर्य, नर्तकी, अंतराळवीर. तिकीट नाही, फलक नाही, खाली बायका कपडे वाळत घालत असतात. ताश्कंदचं सर्वांत मोठं कलादालन हेच.

वेळ उरला तर लोकमैत्री चौकातला शोमहमुदोव कुटुंबाचा पुतळाही बघा. शोअहमद लोहार आणि त्याची बायको बहरी यांनी दुसऱ्या महायुद्धात अनाथ झालेली पंधरा मुलं सांभाळली, ती वेगवेगळ्या वंशांची होती. युद्धाच्या काळात या शहराने लाखो विस्थापितांना जागा दिली होती.

आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

उपाशी नाही राहणार, पण बेत करावा लागेल. अडचण पदार्थांच्या नावात नसते, रस्स्यात असते. भाज्यांचं दिसणारं सूप मांसाच्या पाण्यात शिजलेलं असतं, लगमानच्या शेवया वेगळ्या मिळाल्या तरी वरचा रस्सा मांसाचा, आणि पुलावात तेलाबरोबर मेंढीच्या शेपटीची चरबी. ‘यातलं मांस काढून द्या’ म्हटलं की ते प्रेमाने तुकडे वेचून देतात, आणि त्यांच्या दृष्टीने काम झालेलं असतं.

म्हणून ‘गोश्तसिझ’, म्हणजे मांसाशिवाय, हा शब्द पाठ करा आणि शक्य तर उझबेक किंवा रशियन भाषेत सविस्तर वाक्य फोनवर लिहून ठेवा. निर्धास्त खाता येईल असं बरंच आहे: तंदुरीतली ‘नोन’ रोटी, टोमॅटो-कांद्याची पातळ कापलेली अच्चिक-चुचुक कोशिंबीर, दही, ताजं चीज, सुकामेवा, फळं. भोपळ्याचा समोसा आणि भोपळ्याची मांती, म्हणजे मोदकासारखी वाफवलेली पुरचुंडी, मागून घ्या. मात्र त्यांतही चरबी घालण्याची पद्धत आहे, तेवढं विचारा.

आणि बाजारात कोरियन बायकांच्या टोपल्यांकडे जा. १९३७ मध्ये स्टालिनने रशियाच्या अतिपूर्वेकडून कोरियन लोकांना इथे हद्दपार करून आणलं. कोबी मिळेना तिथे त्यांनी गाजराची कोशिंबीर केली, लसूण, धने, तिखट घालून. आज ती अख्ख्या देशाची झाली आहे. गरम रोटी आणि ते झणझणीत गाजर, यावर माझं कितीतरी दुपारचं जेवण झालं आहे.

भारतीय उपाहारगृहं शहरात आहेत, रोज एक वेळ तिथे गेलं तरी निभतं. तरी सोबत मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, खाकरे ठेवा. जैन मंडळींनी किटलीची सोय असलेली खोली घेऊन एक वेळचं स्वतः करून खावं, हेच उत्तम. बाजारात भाजी अप्रतिम मिळते.

मांसाहारी लोकांनी काय खावं? गोमांस चालत नसेल तर?

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. मागवण्यापूर्वी विचारा: ‘कोय गोश्ती’ म्हणजे मेंढी, ‘मोल गोश्ती’ म्हणजे गाय-बैल, ‘ओत गोश्ती’ म्हणजे घोडा, ‘तोवुक’ म्हणजे कोंबडी. पुलावावर जी काळपट गोल चकती ठेवतात ती ‘काझी’, घोड्याच्या मांसाची. नको असेल तर आधी सांगा, कुणी वाईट वाटून घेत नाही.

पुलावाला तिथे ‘ओश’ किंवा ‘पालोव’ म्हणतात. त्याच्याभोवतीची रीत २०१६ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. शहरात दूरदर्शन मनोऱ्याजवळच्या मोठ्या ओशखान्यात माणूस आत बसेल एवढ्या कढया चुलाणावर चढलेल्या असतात. पिवळं गाजर, तांदूळ, छोले, बेदाणे, मांस. हे दुपारचं जेवण आहे, अडीच-तीननंतर गेलात तर कढईच्या तळाशी उरलेलं मिळेल किंवा तेही नाही. बरोबर थंड पेय घेऊ नका. स्थानिक लोक त्यावर गरम हिरवा चहाच पितात आणि त्या तेलावर तोच उतारा आहे.

समरकंदचं तिकीट कसं काढायचं?

जलद अफ्रोसियोब गाडी सुमारे ३४४ किलोमीटर अंतर सव्वादोन तासांच्या आसपास कापते. अडचण तिकिटांची आहे: विक्री साधारण दीड महिना आधी खुली होते आणि हंगामात बघता बघता संपते. विमानाचं तिकीट पक्कं झालं की लगेच याच्या मागे लागा. रेल्वेच्या अधिकृत ॲपवर पासपोर्ट क्रमांक घालून काढता येतं. साध्या वर्गाला एका बाजूचे दोन हजार रुपयांच्या आसपास धरून चाला. ही नाही मिळाली तर शार्क नावाची गाडी आहे, तासभर जास्त घेते. ताश्कंदला दोन मोठी स्थानकं आहेत, उत्तर आणि दक्षिण, तिकिटावर कोणतं आहे ते वाचा. उत्तर स्थानकाला मेट्रो लागते, स्थानकाचं नाव ‘तोशकेंत’.

समरकंदला मुक्काम कराच. रेगिस्तान चौकातल्या तीन मदरशांत उलुगबेगचा सर्वांत जुना, १४२० मध्ये पूर्ण झालेला. बाकी दोन दोनशे वर्षांनंतरचे. दुपारच्या उन्हात तिथे नुसती गर्दी असते, खरा रंग उतरत्या उन्हात. दुसऱ्या दिवशी अगदी सकाळी शाह-ए-झिंदाची मकबऱ्यांची गल्ली, मग उलुगबेगची वेधशाळा. बुखारा याच आठवड्यात कोंबू नका.

डोंगरात जाण्यासारखं काय आहे?

चिमगानचे डोंगर आणि चारवाक जलाशय, ताश्कंदपासून सुमारे ८० किलोमीटर. अमीरसोयला रोपवे आहे. हिवाळ्यात बर्फ, मे महिन्यात हिरवळ आणि फुलं. दिवसभरासाठी गाडी ठरवा, वाटेत शेतकऱ्यांकडून मध आणि फळं घ्या.

भाषेचं काय? इंग्रजी समजते का?

तरुणांना बऱ्यापैकी, बाजारात कमी. भाषांतराचं ॲप ठेवा. ‘अस्सलोम अलेकुम’ म्हणताना उजवा हात छातीवर ठेवा आणि ‘रहमत’, म्हणजे आभारी आहे, हे सढळ हाताने वापरा. भारतीय आहात हे कळलं की वयस्कर माणसं राज कपूर आणि मिथुनचं नाव काढतात, गाण्याची ओळही म्हणून दाखवतात. घाई असली तरी दोन मिनिटं थांबा. ही आपुलकी खरी आहे.

एकट्या बाईने किंवा ज्येष्ठांनी जाणं सुरक्षित आहे का?

हो. रात्री दहालाही बागांत कुटुंबं दिसतात. एकट्या बाईला नजरा आणि चौकशा सोसाव्या लागतील, त्रास सहसा नाही. नेहमीची सावधगिरी ठेवा, रात्री ॲपवरचीच टॅक्सी घ्या. पोलिसांचा क्रमांक १०२, रुग्णवाहिकेचा १०३. नळाचं पाणी पिऊ नका. ज्येष्ठांसाठी खरी अडचण भुयारी मार्गांतल्या पायऱ्यांची आहे: रुंद रस्ते ओलांडायला आणि मेट्रोत उतरायला त्या चढाव्या-उतराव्या लागतात. गुडघे दुखत असतील तर टॅक्सीचं बजेट वाढवा.

घरी कुणी बोलावलं तर?

जरूर जा. मुलांसाठी मिठाई न्या, चपला दाराशी काढा. यजमान प्याल्यात चहा अर्धाच ओततील. तो मान आहे, म्हणजे तुम्ही पुन्हा पुन्हा मागावा आणि त्यांनी पुन्हा पुन्हा द्यावा. रोटी हाताने तोडायची, सुरीने कापायची नाही आणि कधीही उलटी ठेवायची नाही.

काय आणावं?

चोरसूतून जर्दाळू, बदाम, पिस्ते, खडीसाखरेसारखी ‘नवात’. मरगिलानचं इकत रेशीम: आपल्या पटोल्याशी किंवा पोचमपल्लीशी नातं सांगणारं, धागे आधी बांधून रंगवलेलं. रिश्तानची निळी-हिरवी भांडी. सुझानी, म्हणजे भरतकाम केलेलं कापड, घेताना उलट बाजू बघा, यंत्राचं काम लगेच ओळखू येतं. ५० वर्षांहून जुन्या वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत, म्हणून ‘आजीच्या काळची’ म्हणून विकली जाणारी वस्तू पावती आणि दाखल्याशिवाय घेऊ नका.

आमची मुलगी समरकंदला वैद्यकीय शिक्षण घेते. तिला भेटायला जाणार आहोत, तर हाच बेत चालेल?

चालेल, फक्त उलटा करा. महाराष्ट्रातले बरेच विद्यार्थी समरकंद, बुखारा आणि ताश्कंदला एमबीबीएसच्या समकक्ष अभ्यासक्रमाला आहेत, त्यामुळे हा प्रश्न नेहमी येतो. समरकंदला चार दिवस आणि ताश्कंदला शेवटचे तीन ठेवा. तिला सुट्टी मिळाली तर तिलाच ताश्कंदला घेऊन या. ही मुलं वर्षानुवर्षं तिथे राहूनही राजधानी फक्त विमानतळापुरती बघतात. वसतिगृहात पालकांना मुक्काम करता येईल असं गृहीत धरू नका. जवळचं हॉटेल घ्या, म्हणजे नोंदणीचाही प्रश्न सुटतो. तिच्यासाठी नेणार असाल ते लोणचं चेक-इनच्या सामानात घट्ट बंद करून द्या, हातातल्या पिशवीत ते सुरक्षा तपासणीला अडवतात. मसाले, पोहे, भाजणी यांवर घरच्या पुरचुंड्यांऐवजी छापील वेष्टन असेल तर कस्टमला समजावत बसावं लागत नाही.